आधी फट, मग प्लास्टिक: लिथियम सेलचा होल्डर कसा आखावा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचे छोटे टूलरूम आहे. प्लास्टिकचे साचे करणे हा धंदा. इलेक्ट्रिक सायकली आणि स्कूटरचे पॅक बांधणारे लोक आमच्याकडे येऊ लागले, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक पत्र्याचा डबा आणि तोंडी एकच प्रश्न असायचा: ‘यात सेल किती मावतील?’ मीही तेव्हा सेल बसायचे खण मोजूनच उत्तर द्यायचो. दोन-तीन कामे अंगाशी आल्यावर क्रम उलटा केला. आता मी आधी रिकाम्या जागा ठरवतो. दोन सेलांमध्ये किती फट, गॅस कुठून निघणार, वायर कुठून जाणार हे पक्के झाले की उरेल तिथे प्लास्टिक. होल्डर सेलला धरून ठेवतो हे खरेच, पण त्याचे मुख्य काम सेलला सेलपासून लांब ठेवणे हे आहे.

पुढचे सगळे उदाहरण एकाच पॅकवर घेतो: १८६५० सेल, १३ मालिकेत आणि ४ समांतर, म्हणजे बाजारातल्या भाषेत १३एस४पी. ५२ सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट आणि २.६ अँपिअर-तास. पॅक ४६.८ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६. साधा सायकलचा पॅक. तुमचे सेल २१७०० असले तर आकडे बदलतील, विचार तोच राहील.

आधी सेल मोजा, पण जपून

१८६५० या नावात १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी आहे. नावावर विसंबून साचा कापू नका. वरच्या प्लास्टिकच्या आवरणासकट व्यास बहुधा १८.२ ते १८.५ मिमी भरतो, लांबी ६५.० ते ६५.३. ज्या लॉटमधून पॅक बांधायचा आहे त्यातले किमान वीस सेल घ्या. प्रत्येकाचा व्यास वर, मध्ये आणि खाली मोजा. आवरणाचा जोड जिथे येतो तिथला आकडा मोठा येतो आणि तोच कामाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण टूलरूममधला माणूस हमखास इथे चुकतो. लांबी मोजायला आपण स्टीलचा व्हर्नियर घेतो आणि त्याचे दोन जबडे सेलच्या दोन टोकांना लावतो. एक टोक प्लस, दुसरे मायनस, मध्ये अखंड स्टील. म्हणजे आपण स्वतःच्या हाताने सेल शॉर्ट केला. प्लास्टिकचा व्हर्नियर वापरा, नाहीतर जबड्यांना कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी पिवळी टेप) लावा. हातातले कडे आणि अंगठी खिशात.

सेलची रचनाही एकदा नीट पाहा. अख्खा डबा मायनस असतो, फक्त वरची टोपी प्लस. टोपीभोवती डब्याची कड आत वळवून दाबलेली असते, आणि ती कडही मायनसच. म्हणजे प्लसच्या बाजूला प्लस आणि मायनस यांच्यात जेमतेम दोन-तीन मिमी अंतर असते, मध्ये पातळ आवरण आणि एक छोटी रिंग. टोपीखाली व्हेंटची, म्हणजे गॅस सुटायची, भोके असतात. आत दाब वाढला की सेल तिथून फुटतो, म्हणजे निदान तिथून फुटावा अशी रचना असते. होल्डरचे अर्धे डिझाइन या एका इंचाच्या भागासाठी असते.

फट किती

तयार मिळणाऱ्या १८६५०च्या काळ्या होल्डरमध्ये दोन सेलांच्या मध्यबिंदूंतले अंतर, म्हणजे पिच, २० मिमीच्या आसपास असतो. आपल्या उदाहरणात २०.२ धरू. सेल १८.४ चा, म्हणून फट १.८ मिमी.

ही फट वारा खेळण्यासाठी असते असे बहुतेकांना वाटते. मलाही वाटायचे. पण बंद डब्यातल्या दोन मिमीच्या फटीत हवा जवळपास उभीच राहते. हिशेब करून पाहा. सेलचा अंतर्गत रोध ३० मिलिओहम धरला आणि एका सेलमधून ५ अँपिअर काढले, तर ५ गुणिले ५ गुणिले ०.०३०, म्हणजे पाऊण वॅट उष्णता. ५२ सेलांची ३९ वॅट. एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, चारी बाजूंनी बंद डब्यात. करंट निम्मा केला की ती एक-चतुर्थांश होते, दहा वॅटच्या आत येते. म्हणून उष्णतेची चिंता असेल तर फट वाढवण्याआधी एक समांतर सेल वाढवा, स्वस्त पडते. उरलेली उष्णता सेलांची टोके जोडणाऱ्या निकेल पट्ट्यांच्या बाजूने थर्मल पॅडमधून, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ गादीतून, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात काढा.

मग फट कशासाठी? एक सेल बिघडला तर शेजारच्याला वेळ मिळावा म्हणून. आपल्या सेलमध्ये ९.३६ वॅट-तास, म्हणजे सुमारे ३४ किलोज्यूल वीज साठलेली असते. तेवढ्यात १०० मिली पाणी, म्हणजे एक कटिंग चहा, उकळीला येतो. शिवाय आतली रसायने जळताना निघणारी उष्णता वेगळी. शेजारच्या सेलचा आतला पॉलिथिलिनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. सेल एकमेकांना चिकटून असतील तर ही उष्णता धातूतून धातूत सरळ जाते. मध्ये हवा असली की ती वाटून, रेंगाळत जाते.

माझा ठोकताळा असा. २.६ अँपिअर-तासांपर्यंतच्या सेलला २ मिमीच्या खाली जायचे नाही म्हटले तरी चालेल, पण गिऱ्हाईक डब्याला बांधलेले असते म्हणून १.८ पर्यंत तडजोड करतो. ३ अँपिअर-तासांच्या वरच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलला नुसत्या दोन मिमीवर भिस्त ठेवत नाही. तिथे ३ ते ४ मिमी फट, किंवा ओळींमध्ये अभ्रकाचा पत्रा. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल स्वभावाने शांत, पण शांत म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

२०२२ साली देशभर स्कूटर पेटल्या. त्यानंतर दुचाकी-तिचाकीसाठीच्या एआयएस-१५६ मानकात दुरुस्ती झाली. तिचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला. सेलांमध्ये पुरेसे अंतर, दाब सुटायला वाट आणि पाण्यापासून संरक्षण या गोष्टी तेव्हापासून नियमात आल्या. विकायचा पॅक बांधत असाल तर तो कागद आधी वाचा, ड्रॉइंग नंतर काढा.

चौकोनी मांडणी की मधाच्या पोळ्यासारखी

पोळ्यासारख्या मांडणीत ओळींतले अंतर २०.२ ऐवजी १७.५ मिमी होते. आपल्या चार ओळींच्या पॅकची रुंदी ७९ वरून ७१ मिमीवर येते. आठ मिमी वाचले म्हणून गिऱ्हाईक खूश होते. पण लांबी अर्ध्या पिचने वाढते आणि प्रत्येक सेलला चारऐवजी सहा सख्खे शेजारी मिळतात.

चौकोनी मांडणीत चार सेलांच्या मधोमध १० मिमी व्यासाची मोकळी जागा उरते. ती वाया जात नाही. त्यात एम४ चा बोल्ट इन्सुलेटेड स्लीव्हसकट बसतो, तापमानाचा सेन्सर बसतो, वायर उतरते. छोट्या पॅकला मी डोळे मिटून चौकोनी घेतो.

मांडणी ठरवताना व्होल्टेजचाही नकाशा काढा. समांतर जोडलेल्या चार-चार सेलांचे १३ गट एका सरळ रेषेत ठेवले तर कुठल्याही दोन शेजारी सेलांच्या डब्यांत एकाच गटाचा, फार तर ४.२ व्होल्टचा फरक येतो. तोच पॅक वळवून दोन पदरी केला की पहिला गट आणि शेवटचा गट शेजारी येऊ शकतात आणि त्या १.८ मिमी फटीवर दोन डब्यांत ५०.४ व्होल्ट उभे राहतात. वळवायचेच असेल तर त्या दोन पदरांमध्ये होल्डरमध्येच सलग भिंत द्या. सरळ मांडणीत पॅकच्या एका टोकाची वायर दुसऱ्या टोकाला परत आणावी लागते. तिच्यासाठी होल्डरच्या कडेला पन्हळीसारखी खाच ठेवा. सेलांच्या अंगावरून टेपने चिकटवलेली वायर सहा महिन्यांत घासते.

खण, कड आणि खिडकी

होल्डरचे दोन अर्धे: खालचा आणि वरचा. प्रत्येक अर्ध्यात सेल ८ मिमी आत जातो. मधला ४९ मिमी भाग उघडा राहतो. काही जण खण २५ मिमी खोल करतात, मजबुतीसाठी म्हणे. प्लास्टिक वाढते, सेल घालताना आवरण खरवडते, आणि मजबुती येते ती बोल्टने, खोलीने नाही.

भोक १८.६ मिमीचे. साच्यातून माल सुटावा म्हणून प्रत्येक बाजूला अर्धा अंश उतार, म्हणून तोंडाशी १८.७५ आणि तळाशी १८.६. मग १८.२ चा बारीक सेल आत खुळखुळणार नाही का? खुळखुळेल. त्यासाठी भोकात १२० अंशांवर तीन बारीक उभ्या रिब द्या, ०.१५ ते ०.२ मिमी पुढे आलेल्या, वर निमुळत्या. जाडा सेल गेला की त्या दबतात, बारीक गेला की टेकतात. हाताच्या अंगठ्याने सेल आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर ड्रॉइंग चुकले आहे.

खणाच्या तळाशी आत आलेली गोल कड असते, तिच्यावर सेल टेकतो. मधली खिडकी वेल्डिंगसाठी. १८.६ च्या भोकाला दोन मिमीची कड दिली की खिडकी साडेचौदाची उरते. ही कड सेल थांबवते, एवढेच तिचे काम मानू नका. प्लसच्या बाजूला ती डब्याच्या वळलेल्या मायनस कडेवर झाकण होते. वरून निकेलची पट्टी दाबली गेली तरी ती मायनसला टेकू शकत नाही. तरीही मी बार्ली पेपरची, म्हणजे वीज न वाहणाऱ्या जाड कागदाची, रिंग वेगळी लावतोच. कड मात्र इतकी पुढे आणू नका की व्हेंटची भोके झाकली जातील.

कडेची जाडी १ मिमी. जाड केली तर निकेल पट्टीला खड्ड्यात वाकून उतरावे लागते. मग ती टोपीवर सपाट बसत नाही आणि वेल्ड ठिणगी मारून जळतो. पातळ केली तर मोल्डिंगमध्ये प्लास्टिक तिथवर पोचत नाही, कड अर्धीमुर्धी निघते.

दोन अर्ध्यांमधल्या खांबांची लांबी अशी ठेवा की दोन कडांमधले अंतर ६५.४ मिमी राहील. ६५.३ चा लांब सेलही दबता कामा नये. बोल्टचा ताण खांबांनी घ्यायचा, सेलांनी नाही. उरलेली एक ते चार दशांश मिमीची ढिलाई सिलिकॉनने भरा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचे घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन आम्ल सोडते आणि निकेल-तांबे खाते. ग्लू गनचा गोंद तर बडोद्याच्या मे महिन्यात स्वतःच नरम पडतो.

दोन गटांच्या निकेल पट्ट्यांमध्ये होल्डरवर दीड-दोन मिमी उंच उभार द्या. पट्टी सरकली तरी दुसऱ्या गटात जाणार नाही. आणि पट्टी खरी निकेलची आहे का हेही पाहा. कडेला फाइलने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा; गंज आला तर आत लोखंड आहे.

दाणा

दाणा म्हणजे साच्यासाठी वितळवायचे कच्चे प्लास्टिक. इथे ‘चालशे’ (चालेल) हा बडोद्याचा लाडका शब्द विसरून जा.

नमुन्यासाठी थ्रीडी प्रिंट पीएलएचा चालतो, पण नमुन्यापुरताच. पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडतो. उन्हात उभ्या स्कूटरच्या सीटखाली काय तापमान होते ते एकदा थर्मामीटर ठेवून पाहा. एबीएस १०५ अंशांच्या आसपास, पॉलिकार्बोनेट १४५ च्या पुढे टिकतो. मी बहुतेकदा ज्योतरोधक पॉलिकार्बोनेट-एबीएस मिश्रण घेतो.

डेटाशीटवर ‘यूएल ९४ व्ही-०’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ, उभी धरलेली पट्टी ज्योत काढल्यावर दहा सेकंदांत विझते आणि तिच्यातून जळते थेंब पडत नाहीत. पण त्याच्या पुढचा आकडा कोणी वाचत नाही. व्ही-० कुठल्या जाडीला? दाणा १.५ मिमीला व्ही-० असेल आणि तुमच्या दोन खणांमधली भिंत तोंडाशी १.४५ आणि कड १ मिमी असेल, तर त्या शिक्क्याचा तुम्हाला उपयोग नाही. १ मिमीला किंवा त्याहून कमी जाडीला व्ही-० असा दाणा मागा. आणि भंगार दळून मिसळलेला दाणा होल्डरला नको. ज्योतरोधकपणा दर वितळवण्यात कमी होतो.

साचा: माझी चूक

शिक्षण कलाभवनात झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेले, आता विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथे आकुंचनाचा, म्हणजे थंड होताना प्लास्टिक किती आकसते त्याचा, हिशेब पाटीवर घोटून घेतला होता. तरी पहिल्या होल्डरला मी तो फक्त लांबीला लावला, भोकांना विसरलो.

ज्योतरोधक मिश्रण साधारण ०.६ टक्के आकसते. पहिल्या आणि तेराव्या सेलमधल्या २४२.४ मिमी अंतरात ते १.४५ मिमी होते, ते मी वाढवून घेतले होते. पण १८.६ चे भोक जसेच्या तसे कापले, ते माल निघाल्यावर १८.४९ झाले. वर तीन रिब. जाडे सेल जाईनात. पॅक बांधणाऱ्या पोरांनी लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवले आणि रिबांनी आवरण उभे चिरले. आवरण चिरले की मायनस डबा उघडा. सुदैवाने व्होल्टमीटर लावताना लक्षात आले. साच्यात भोके घडवणाऱ्या सगळ्या पिना बदलाव्या लागल्या, खर्च माझा.

तेव्हापासून भोकांच्या पिना आम्ही सुट्या ठेवतो, अखंड कापत नाही. पिन बदलली की व्यास बदलतो. दुसऱ्या लॉटचे सेल दशांश मिमीने जाडे आले तरी साचा फेकावा लागत नाही. पहिल्या ट्रायलला पिना मुद्दाम थोड्या जाड ठेवा. पिन घासून भोक लहान करता येते, घासलेली पिन परत जाड होत नाही.

वरचा आणि खालचा अर्धा एकाच दाण्यातून, एकाच सेटिंगवर काढा. वेगळ्या दाण्याचे दोन अर्धे वेगळे आकसतात आणि टोकाचे सेल तिरके उभे राहतात.

नकली सेलांवर तपासा

खऱ्या सेलांवर होल्डरची चाचणी घेऊ नका. शेजारच्या टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमचे रॉड कापून घ्या: १८.४ व्यास, ६५.२ लांबी. अशा रॉडचे वजन सुमारे ४७ ग्रॅम भरते, म्हणजे जवळपास खऱ्या सेलएवढेच. हा योगायोग आहे, पण फार कामाचा. दोन-चार रॉड १८.२ चे आणि दोन-चार १८.५ चेही करा, फिटिंग तपासायला.

५२ रॉड बसवा, बोल्ट आवळा. प्रत्येक रॉडच्या टोकापासून होल्डरपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. पॅक स्कूटरला बांधा आणि आठवडाभर रोजच्या रस्त्यांवर हिंडवा. परत उघडल्यावर ज्या रॉडची रेघ तुटलेली दिसेल तो फिरला आहे. खरा सेल असता तर त्याच्या निकेलच्या वेल्डने तेवढाच पीळ खाल्ला असता. वेल्डने वजन पेलायचे नसते. रेघा तुटल्या तर रिब वाढवा, खण नाही.

नंतर रॉड काढून एक रिकामा होल्डर ओव्हनमध्ये ८० अंशांवर चार तास ठेवा आणि थंड झाल्यावर सपाट काचेवर टेकवून पाहा. वाकला असेल तर मोल्डिंगमध्ये घाईने थंड केला आहे.

डबा आणि पाणी

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी पुन्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरले. म्हणून इथे आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ही कागदावरची अट राहत नाही.

पण डबा जितका घट्ट, तितका आतला गॅस अडकतो. दोन्ही साधायला डब्यावर दाब सुटणारा व्हेंट लागतो, आणि त्या व्हेंटपर्यंत गॅसला होल्डरमधून वाट लागते. सेलांच्या टोकांवर, निकेलच्या वर, डब्याच्या झाकणापर्यंत किमान चार-पाच मिमी मोकळे ठेवा. गट एकाआड एक उलटे असल्याने प्लसची टोके दोन्ही बाजूंना येतात. म्हणून ही जागाही दोन्हीकडे. तिथे वायरचे गुंडाळे कोंबू नका. थर्मल पॅड लावायचा असेल तर पट्ट्यांमध्ये लावा, व्हेंटच्या भोकांवर नाही. व्हेंटचे तोंड चालवणाऱ्याच्या मांडीकडे नसावे, हे सांगायला नको, पण तसा पॅक मी पाहिला आहे.

साचा कापायला देण्याआधी शेवटचे एक काम. प्रत्येक खणाच्या कडेला अधिक-उण्याची खूण कोरून घ्या, गटांचे आकडे १ ते १३ घाला आणि एका कोपऱ्यात महिना-वर्ष बदलता येणारी छोटी गोल पिन बसवा. साचा मशिनवर असताना हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कडक केलेल्या साच्यावर नंतर कोरायला गेलात तर स्पार्कची मशिन लावावी लागते, आणि तोवर कोणीतरी सातव्या गटात सेल उलटा घातलेला असतो.